नदीतून वाहून जाणाऱ्या खताच्या गोण्या

फेब्रुवारी संपत आला की पुण्याच्या वर्तमानपत्रांत एक फोटो ठरलेला असतो. नदीपात्रभर हिरवागार गालिचा, मध्ये कुठेतरी जांभळी फुलं आणि मागे पुलावरचं ट्रॅफिक. बातमीही ठरलेली असते. डास वाढले, नागरिक हैराण, जलपर्णी काढायला निविदा. मग पोकलेन येतो, डंपर येतात, काठावर ओले ढीग लागतात. जून-जुलैत नदीला पाणी येतं, उरलीसुरली जलपर्णी खाली वाहून जाते आणि आपण सगळे हा विषय विसरतो. थेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत.

बसच्या खिडकीतून ते दृश्य बघून तुम्हीही कधीतरी ‘काय घाण आहे यार’ म्हणाला असाल. मीही म्हणायचे. पण एकदा मामांचा फोन आला आणि तो गालिचा मला वेगळाच दिसायला लागला. मामा इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या पाण्यावर ऊस करणारे. मी नेहमीसारखं ‘कसं आहे मामा’ विचारलं. ते म्हणाले, ‘कसं असनार? तुमचं पुणं आमच्या धरणात खत सोडतंय, अन् मी हितं डीएपीसाठी दुकानाच्या दारात उभाय.’

मामा विनोद करत होते. पण हा विनोद कागदावर मांडून बघितला, तर तो अगदी तंतोतंत हिशेब निघतो.

आधी शाळेतला एक धडा पुन्हा काढू. परिसंस्थेत तीन गोष्टी फिरतात: ऊर्जा, पाणी आणि पोषणद्रव्यं. दहावीला आपण तिन्हींच्या आकृत्या काढल्या, बाण दाखवले, मार्क घेतले. पण तिन्हींची चाल एकसारखी नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. ऊर्जा ही पाहुणी. सूर्याकडून येते, पानात थोडा वेळ थांबते, गवतातून शेळीत, शेळीतून माणसात जाते आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा मोठा भाग उष्णता होऊन निघून जातो. रेमंड लिंडमन या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये एका तळ्याचा असा ऊर्जेचा जमाखर्च मांडला. पुढच्या टप्प्याला साधारण दहावा हिस्सा पोचतो, हे पाठ्यपुस्तकातलं ढोबळ सूत्र तिथून पुढे आलं. गेलेली ऊर्जा परत येत नाही आणि ते चालतं, कारण उद्या सकाळी सूर्य पुन्हा उगवणार असतो.

नत्र, स्फुरद, पालाश म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम. ही मंडळी मात्र घरची. वरून रोज नवा पुरवठा येत नाही. पान गळतं, कुजतं, मातीत जातं, मुळं पुन्हा उचलतात. जनावर चरतं, शेण टाकतं, शेणातून पुन्हा गवत उगवतं. तीच भांडी घासून पुन्हा वापरायची. त्यातही नत्राला हवेत जायचं आणि हवेतून परत यायचं दार आहे. डाळीच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू तेच काम करतात. स्फुरदाला ते दारही नाही. त्याचा व्यवहारात मोजावा असा वायू होत नाही. तो पाण्याबरोबर खाली वाहतो, तळाच्या गाळात बसतो आणि समुद्रात पोचला तर खडक होऊन पुन्हा वर यायला कोट्यवधी वर्षं घेतो.

आता तुमच्या मेसच्या ताटाकडे बघा. पोळीचा गहू, वाटीतली डाळ, दूध, अंडं. या प्रत्येकात कुठल्यातरी शेतातलं नत्र आणि स्फुरद आहे. ते शेतात आलं कुठून? बरंचसं गोणीतून. युरियातलं नत्र हवेतूनच घेतलेलं असतं, पण ते ओढून काढायला नैसर्गिक वायू लागतो. फ्रित्झ हाबरने १९०९ मध्ये ही युक्ती प्रयोगशाळेत दाखवली, कार्ल बॉशने तिचा कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊ इथे उत्पादन सुरू झालं. आज जगातली जवळपास निम्मी माणसं या कृत्रिम नत्रावर जेवतात, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आपल्या युरिया कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा जहाजातून येतो, त्यात कतारचा वाटा मोठा. डीएपीतलं स्फुरद खाणीतलं. जगातल्या ज्ञात फॉस्फेट साठ्यांपैकी साधारण ७० टक्के एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहेत, पश्चिम सहारा धरून. पालाश तर आपण जवळपास सगळंच आयात करतो.

म्हणजे मामांच्या बांधावरची गोणी ही खऱ्या अर्थाने परदेशी पाहुणी आहे. म्हणून युक्रेनमध्ये युद्ध पेटलं की तिचा भाव चढतो, चीनने फॉस्फेटच्या निर्यातीला लगाम घातला की ती दुकानातून गायब होते. शेतकऱ्याला युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते आणि डीएपीची ५० किलोची १३५० रुपयांना, कारण वरचा भार सरकार उचलतं. २०२२-२३ मध्ये केंद्राचं खत अनुदान अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेलं होतं. हा पैसा तुमच्या-माझ्या करातूनच जातो. तेव्हा हा विषय ‘शेतीवाल्यांचा’ म्हणून पान उलटू नका.

तर ही गोणी शेतात पडली. तिच्यातलं नत्र पिकाला किती लागू होतं? अनेकदा निम्म्याहूनही कमी. बाकीचं हवेत उडतं, भूजलात मुरतं, ओढ्याला जातं. जे पिकात शिरलं ते धान्य, दूध, भाजी होऊन टेम्पोत बसतं आणि मार्केट यार्डात उतरतं. तिथून तुमच्या ताटात. आणि ताटातून? इथे पाठ्यपुस्तकाची आकृती जरा लाजते. वाढ पूर्ण झालेल्या माणसाच्या शरीरात नत्र-स्फुरद साठत बसत नाही. जेवढं आत येतं, जवळपास तेवढंच बाहेर जातं. माणसामागे वर्षाला साधारण चार किलो नत्र आणि अर्धा किलो स्फुरद. नत्राचा बहुतेक भाग लघवीतून.

कॅल्क्युलेटर काढा. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ च्या जनगणनेत साधारण ४८ लाख लोक होते. आज ६० लाख धरले तरी अतिशयोक्ती होणार नाही. ६० लाख गुणिले चार किलो म्हणजे २४ हजार टन नत्र. युरियाच्या एका गोणीत ४६ टक्के, म्हणजे पावणेएकवीस किलो नत्र असतं. भागून बघा: साडेअकरा लाख गोण्या. आता स्फुरद: ६० लाख गुणिले अर्धा किलो म्हणजे तीन हजार टन. डीएपीच्या गोणीत शुद्ध स्फुरद दहा किलोच्या आसपास. म्हणजे तीन लाख गोण्या. दरवर्षी. अनुदानित भावाने धरलं तरी हा माल सत्तर कोटींच्या घरात जातो, आणि यात कपडे-भांड्यांच्या साबणातून येणारं स्फुरद धरलेलंच नाही. अर्थात हे सगळंच्या सगळं नदीत पोचत नाही. काही हवेत जातं, काही मैलाशुद्धीकरण केंद्राच्या गाळात अडकतं. पण मोठा भाग फ्लशच्या एका बटणाने मुठेच्या दिशेने निघतो.

आणि मुठेत काय असतं? वरच्या अंगाला खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं, मिळून साधारण २९ टीएमसी. पाऊसकाळ संपला की नदीत मुद्दाम सोडलेलं पाणी जवळपास नसतंच. जे वाहतं ते तुमचं-माझं वापरलेलं. संथ, कोमट, खताने भरलेलं पाणी आणि वर फेब्रुवारीचं ऊन. जलपर्णीला स्वर्ग म्हणजे आणखी काय हवं? मूळची ही दक्षिण अमेरिकेतली. फुलं सुंदर म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे बंगालमध्ये आणली गेली आणि मग आवरली नाही. अनुकूल परिस्थितीत आठवड्या-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

म्हणूनच म्हणते, जलपर्णी ही घाण नाही. ते पीक आहे. आपण न पेरता, न मागता, लाखो गोण्या खत घालून घेतलेलं पीक. आणि ते कापून काठावर टाकलं तर काय होतं? ताज्या जलपर्णीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. ते वाळतं, बाकीचं कुजतं आणि पहिल्या पावसात त्यातलं नत्र-स्फुरद पुन्हा नदीत उतरतं. ढीग उचलून नेला तर निदान थोडं खत नदीतून बाहेर पडतं. काठावरच ठेवला तर आपण ते फक्त चार महिने उशिरा सोडतो. दरवर्षीची निविदा अशी पिकाच्या कापणीची आहे. शेतात खत टाकणारा हात मोकळाच.

आता नदीबरोबर खाली चला. मुळा-मुठा रांजणगाव सांडसपाशी भीमेला मिळते. पुढे दौंड, आणि मग भिगवण-पळसदेवच्या भागात पाणी पसरायला लागतं. हा उजनीचा फुगवटा, यशवंतसागर. ११७ टीएमसीचं धरण. त्यातला निम्म्याहून जास्त, साधारण ६३ टीएमसी मृतसाठा. हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला तुमचा ग्रुप गेला असेल, रील्सही टाकल्या असतील. ते पक्षी तिथे उथळ पाणी, शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव यांच्यासाठी येतात. म्हणजे आपल्या वाहून गेलेल्या खताचा थोडा वाटा त्या गुलाबी पंखांपर्यंतही पोचत असणार. निसर्ग काहीच वाया घालवत नाही, असं म्हणून इथे थांबायचा मोह होतो.

पण थांबता येत नाही. मर्यादेबाहेर खत मिळालेलं तळं हिरवं होतं. आधी शेवाळ माजतं, मग ते मरून तळाला जातं, त्याला कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवतात आणि मासे वर येऊन तोंड उघडतात. काही निळ्या-हिरव्या शेवाळांमध्ये विषही तयार होतं. अमेरिकेत टोलेडो नावाच्या शहराला ऑगस्ट २०१४ मध्ये नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. सुमारे पाच लाख माणसं, शेजारी ईरीसारखं प्रचंड सरोवर, आणि प्यायला बाटल्या. उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने ते विष जात नाही.

या सगळ्यात मुख्य आरोपी कोण, याचा निकाल कॅनडातल्या एका प्रयोगाने लावला. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये ओंटारिओतल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याचे मध्ये पडदा लावून दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं. दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि स्फुरद. विमानातून काढलेल्या फोटोत अर्धं तळं निळसर-काळं आणि अर्धं हिरवंगार दिसलं. साबण कंपन्या त्या काळी फॉस्फेटवरचा आरोप मान्य करायला तयार नव्हत्या. त्या एका फोटोने वादाचं पारडं फिरवलं. नत्राचाही वाटा आहेच, त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. पण गोड्या पाण्याच्या तळ्यात स्फुरद आवरल्याशिवाय काही जमत नाही, एवढं नक्की. आणि ते किती कमी लागतं बघा: लिटरमागे एका मिलीग्रॅमचे काही शतांश असले, तरी तळं हिरवं व्हायला पुरतात.

उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे हीच भीमा. तुमच्यापैकी कितीतरी जण इंदापूर, टेंभुर्णी, करमाळा, सोलापूरहून पुण्यात शिकायला आलेले आहात. इथल्या होस्टेलवर तुम्ही खडकवासल्याचं पाणी पिता, आणि तुम्ही वापरून सोडलेलं पाणी काही दिवसांनी तुमच्या घराच्या दिशेने निघतं. आई विचारते, ‘जेवलास का?’ त्या जेवणाचा शेवटचा हिशेब तिच्या हंड्यापर्यंत जातो. मला ही गोष्ट कळल्यावर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं, खोटं कशाला सांगू.

‘शुद्धीकरण केंद्रं बांधतायत की!’ असं तुम्ही म्हणाल. बांधतायत. मुळा-मुठेसाठी जपानच्या जायकाच्या कर्जातून ११ नवी केंद्रं, रोज ३९.६ कोटी लिटर क्षमतेची, असा प्रकल्प आहे. कर्जाचा करार २०१६ च्या जानेवारीतला, आणि काम ठरलेल्या वेळापत्रकाच्या बरंच मागे पडलं. पण माझा मुद्दा उशिराचा नाही. केंद्र शुद्ध करतं म्हणजे नेमकं काय करतं, हा आहे.

साध्या केंद्रात मुख्यतः सेंद्रिय पदार्थ खाल्ले जातात. जिवाणू तिथे जेवतात, हवा फुंकली जाते आणि पाण्याची ऑक्सिजनची भूक, म्हणजे बीओडी, कमी होते. वास जातो, गढूळपणा जातो. पण विरघळलेलं नत्र आणि स्फुरद त्यासाठी वेगळी व्यवस्था नसेल तर बऱ्याच प्रमाणात तसंच पुढे जातं. बाटलीत धरलं तर पाणी नितळ दिसेल. जलपर्णीला मात्र तो नितळपणा फसवत नाही. उलट गढूळपणा गेल्याने शेवाळापर्यंत ऊन आणखी चांगलं पोचतं.

आणि नियम काय म्हणतो? २०१५ मध्ये केंद्र सरकारने मैलाशुद्धीकरणाच्या मानकांचा मसुदा काढला, त्यात नत्राची मर्यादा होती. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये अंतिम अधिसूचना आली, तेव्हा बीओडी, गाळ, आम्लता आणि विष्ठेतले जिवाणू एवढंच उरलं. नत्र गेलं, स्फुरद आलंच नाही. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये लवादाने कडक मानकं धरा असं सांगितलं: एकूण नत्र लिटरमागे १० मिलीग्रॅम, आणि तळ्या-सरोवरांत जाणाऱ्या पाण्यासाठी एकूण स्फुरद १ मिलीग्रॅम. आता सांगा, मुळा-मुठा ही नदी धरायची की उजनी नावाच्या सरोवराचा पाइप? नकाशा बघितला तर उत्तर सोपं आहे. फाइलमध्ये ते तेवढं सोपं नसतं.

फरक किती पडतो? एक मिलीग्रॅम प्रति लिटर म्हणजे दर दहा लाख लिटरमागे एक किलो. ३९.६ कोटी लिटर पाण्यात पाच मिलीग्रॅम स्फुरद सोडलं तर रोज १९८० किलो उजनीकडे जातं. एक मिलीग्रॅमवर आणलं तर ३९६ किलो. रोजच्या दीडशेहून जास्त डीएपीच्या गोण्यांचा फरक. नदीकाठ सुधारण्याच्या चर्चेत आपण घाट, बाक, सायकल ट्रॅक यांवर जेवढं बोलतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही या आकड्यावर बोलत नाही, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

आता काहीजण म्हणतील, पूर्वी बरं होतं, सोनखत शेतात जायचं. हो, जायचं. मैल्याचं खत शहराभोवतीच्या मळ्यांना जायचं, चक्र पूर्ण व्हायचं. पण ते चक्र फिरवलं कुणी? डोक्यावर टोपली घेऊन, जातीने लादलेलं काम करणाऱ्या माणसांनी. १९९३ आणि २०१३ असे दोन कायदे होऊनही गटारात उतरून माणसं मरतात. त्यामुळे सोनखताच्या आठवणीने गहिवरायचं असेल तर आधी हे आठवा. चक्र जोडायचं ते यंत्राने, पाइपने, रसायनाने. माणसाच्या डोक्यावरून नाही.

तसं जोडता येतं. स्वित्झर्लंडने २०१६ मध्येच मैल्यातून स्फुरद परत काढणं बंधनकारक करायचं ठरवलं आणि त्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली. काही शहरांत सांडपाण्यात मॅग्नेशियम घालून स्ट्रुव्हाइट नावाचे पांढरे खडे पाडतात. तेच खत म्हणून विकतात. इतकं लांब जायचं नसेल तर आपल्या वाई आणि सिन्नरमध्ये बघा. ठरावीक वर्षांनी घरोघरचे सेप्टिक टँक यंत्राने उपसायचे आणि तो मैला स्वतंत्र केंद्रात नेऊन प्रक्रिया करायची, अशी व्यवस्था तिथे बसवली गेली.

आणि सगळ्यांत भारी उदाहरण कोलकात्याचं. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ जागा आहे. शहराचं सांडपाणी कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत, म्हणजे भेरींमध्ये सोडतात. ऊन आणि खत मिळून शेवाळ वाढतं, जिवाणू मैला पचवतात, शेवाळावर आणि बारीक जिवांवर मासे वाढतात. तळ्यातून निघालेलं पाणी भाताला जातं. ऊर्जा सूर्याची, पाणी शहराचं, खत शहराचं, आणि ताटात पुन्हा मासा. कुठल्या परदेशी सल्लागाराने हे बसवलेलं नाही. मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या तळ्यात उभं राहून शिकलेली ही विद्या आहे. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने तिचं मोल ओळखलं, आयुष्यभर तिच्यासाठी भांडले. २००२ मध्ये ती जागा रामसर यादीत गेली. बिल्डरांचं लक्ष अजून तिथे आहेच, ते वेगळं सांगायला नको.

उजनीला तसंच करायचं का? एक अडचण आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. आपल्या नदीत फक्त घरांचं पाणी येत नाही. कारखान्यांचं, वर्कशॉपचं, प्लेटिंगवाल्यांचंही येतं. इंद्रायणीवर आळंदीला फेस दिसतो तो काही पोषणद्रव्यांचा नव्हे. खतात जड धातू मिसळले की ते खत राहत नाही, आणि धातू कुठल्याही जिवाणूला पचत नाहीत. म्हणून पहिली पायरी म्हणजे कारखान्यांचं पाणी घरच्या पाण्यात मिसळू न देणं. ही पायरी कंटाळवाणी आहे. तिचं उद्घाटन करता येत नाही.

एक जोडणी मात्र कागदावर आधीच आहे. मुंढव्याला जॅकवेल बांधून शहराचं प्रक्रिया केलेलं पाणी उचलायचं आणि जुन्या बेबी कालव्यातून दौंड-इंदापूरकडच्या शेतीला द्यायचं, साडेसहा टीएमसी, अशी योजना आहे. म्हणजे पाणी आणि खत दोन्ही उजनीत पडण्याआधीच पिकाला. कल्पना एक नंबर. पण शेतकऱ्यांची तक्रार पाण्याच्या दर्जाची आहे, आणि ती रास्त आहे. शहराने पाणी धुऊन द्यायचं की शेताने ते धुवायचं, हा जुना वाद आहे.

या भागातल्या उसाचंही एक कोडं सांगते. साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन. बस. पोत्यातल्या साखरेत नत्र नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. ती सगळी हवा, पाणी आणि ऊन. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश द्यायची शिफारस आहे. त्यातलं पिकाने उचललेलं साखरेच्या पोत्यातून बाहेर जात नाही. ते पाचटात राहतं, प्रेसमडमध्ये राहतं, मळीतून स्पेंटवॉशमध्ये उतरतं. म्हणजे ऊस हे एक असं पीक आहे की कारखान्याने मनावर घेतलं तर शेताला त्याचं बरंच देणं परत करता येतं. प्रेसमडचं कंपोस्ट होतं, स्पेंटवॉश जाळून राहिलेल्या राखेतलं पालाश आता खत म्हणून विकलंही जातं. आणि शेतात? तोडणी झाली की पाचटाला काडी लागते. नत्र धूर होऊन आकाशात, आणि आठवड्याने युरियाची गोणी दारात. मामाही पेटवायचे. आता कुजवतात. ‘कुणी सांगितलं म्हणून नाय,’ ते म्हणतात, ‘गोणी मिळंना म्हणून.’

आता एक वाईट बातमी. उद्या सकाळी पुण्याने नत्र-स्फुरदाचा एक कणही सोडायचा नाही ठरवलं, तरी उजनी लगेच निळी होणार नाही. इतक्या वर्षांत गाळात बसलेलं स्फुरद तिथेच आहे. तळाचा ऑक्सिजन संपला की गाळ ते पुन्हा पाण्यात सोडतो. तळी असं उधार बरीच वर्षं फेडत बसतात. दुसरीकडे, तोच गाळ म्हणजे एक खाणही आहे, मोरोक्कोपेक्षा बरीच जवळची. पाणी ओसरलं की फुगवट्याकाठी गाळपेर होते, तेव्हा शेतकरी नेमकं तेच काढून घेत असतात. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही राज्याची योजनाही त्याच दिशेची. फक्त ज्या शेतात गाळ टाकायचा, त्याआधी त्यात धातू किती हे तपासायला हवं.

तुमच्यात कुणाला पर्यावरणशास्त्र, रसायनशास्त्र किंवा सिव्हिलचा प्रोजेक्ट करायचा असेल तर एक साधा अर्ज सुचवते. माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांत. तुमच्या शहराच्या प्रत्येक मैलाशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात गेल्या बारा महिन्यांत एकूण नत्र किती आणि एकूण स्फुरद किती, महिन्यावार. बीओडीचा आकडा ते लगेच देतील. तुम्ही हे दोन मागा. मिळाले तर रोजच्या पाण्याने गुणा, गोण्यांनी भागा. ‘आम्ही हे मोजत नाही’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी घ्या.

मी मामांना हे सगळं एकदा नीट समजावून सांगितलं. लिंडमन, शिंडलर, साडेअकरा लाख गोण्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हंजे माझ्या वाटच्या किती गोण्या झाल्या, तेवढं काढ की.’